‘हुकूम म्हणजे हुकूम’: कोर्ट मार्शलवरच्या त्या फॉरवर्डमधून गाळलेला एक शब्द

भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, “मामा, असंच असतं का?” तो तुमच्याकडेही आला असेल. वर तिरंगा, खाली ड्रिलच्या बुटांचा फोटो आणि मजकूर साधारण असा: सैन्यात हुकूम म्हणजे हुकूम, चूक की बरोबर हे विचारायचं नसतं. नाकारला तर जागेवर गोळी. कोर्ट मार्शलमध्ये वकील नसतो, सीओ साहेबच (तुकडीचा कमांडिंग ऑफिसर) न्यायाधीश. निकाल एका दिवसात. अपील नाही, सुप्रीम कोर्टही हात लावू शकत नाही. एकदा कोर्ट मार्शल झालं की पेन्शन, मानमरातब सगळं संपलं. नानावटींना नाही का नौदलाच्या कोर्टाने सोडवलं! देशातली सगळी न्यायालयं अशी चालली तर महिनाभरात देश सुतासारखा सरळ होईल.

लिहिणाऱ्याने कोर्ट मार्शलवरचं एखादं नाटक मध्यंतरापर्यंत पाहिलेलं दिसतं. पण हा मजकूर उद्या अंगावर वर्दी चढवणाऱ्या पोरांपर्यंत पोचतोय, म्हणून उत्तर देणं भाग आहे. एका मुद्द्यावर जास्त वेळ घेणार आहे. बाकीचे त्या लायकीचे नाहीत.

‘हुकूम कसाही असो, मानायचाच. नाकारला तर गोळी.’

१९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ४१ वाचा. हुकूम मोडण्याचा गुन्हा तिथेच सांगितला आहे. त्यात नुसता ‘हुकूम’ असा शब्द नाही, ‘कायदेशीर हुकूम’ असा आहे. फॉरवर्डवाल्याने नेमकं ‘कायदेशीर’ हे विशेषण गाळलं आणि सगळा खोटेपणा त्या एका गाळलेल्या शब्दातून वाहतो आहे.

कलमाचे दोन भाग आहेत. पहिला भाग उघड अवज्ञेचा. वरिष्ठाने स्वतः, आपल्या कामाच्या अधिकारात दिलेला कायदेशीर हुकूम, अधिकारालाच धुडकावतो आहोत असं दिसेल अशा रीतीने मोडणं. शिक्षा जास्तीत जास्त १४ वर्षं कैद. दुसरा भाग साध्या अवज्ञेचा. ‘ॲक्टिव्ह सर्व्हिस’वर, म्हणजे युद्धात किंवा लष्करी मोहिमेवर, असताना १४ वर्षांपर्यंत, एरवी ५ वर्षांपर्यंत. दोन्ही भागांत मृत्युदंड नाही. ‘जागेवर गोळी’ तर कायद्यात कुठेच नाही. मृत्युदंडाचे गुन्हे वेगळे आहेत: शत्रूच्या बाबतीतले कलम ३४ मधले काही गुन्हे, कलम ३७ मधलं बंड, युद्धकाळातला पळ. आणि ती शिक्षासुद्धा खटला पुरा होऊन, मतदान होऊन, वर मंजूर झाल्यावर. हुकूम मानला नाही म्हणून एखाद्या अधिकाऱ्याने जवानाला गोळी घातली, तर खुनाच्या आरोपाखाली उभं राहायची पाळी त्या अधिकाऱ्यावर येईल.

आता ‘कायदेशीर’ म्हणजे काय? खटल्यात सरकारी पक्षाला एकेक गोष्ट सिद्ध करावी लागते. हुकूम देणारा वरिष्ठ होता. आरोपीला ते माहीत होतं. हुकूम नेमका होता, ‘नीट वागा’ छापाचा मोघम नव्हता. तो लष्करी कामाशी, शिस्तीशी किंवा तुकडीच्या हिताशी जोडलेला होता. आणि तो पाळायची वेळ आली असताना पाळला गेला नाही. या साखळीतली एक कडी तुटली तरी कलम ४१ चा आरोप टिकत नाही. ‘उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन निघ’ असं सांगितल्यावर जवान आदल्या संध्याकाळी ‘नाही जाणार’ म्हणाला, तर तेवढ्यावर हुकूम मोडल्याचा गुन्हा होत नाही, कारण सहा अजून वाजलेले नाहीत. उद्धट बोलल्याबद्दल कलम ४० लागू शकतं, ती गोष्ट निराळी. विसरला म्हणून राहिलं, किंवा हुकूम समजलाच नाही, हेही कलम ४१ मध्ये बसत नाही. फार तर शिस्तभंगाचं सर्वसाधारण कलम ६३ लागेल.

खासगी कामाचं म्हणाल तर साहेबांच्या मेव्हण्याच्या लग्नाचा मांडव घालणं ही लष्करी ड्यूटी नाही, खांद्यावर कितीही तारे असले तरी. निव्वळ स्वतःच्या सोयीसाठी दिलेल्या हुकमाला या कलमाचं संरक्षण नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला निःशस्त्र माणसावर गोळी झाडायचा हुकूम येतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ ला एक उदाहरण जोडलेलं होतं. तेच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ ला आहे. सैनिक वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडतो, तर त्याने गुन्हा केलेला नाही. फॉरवर्डवाल्याने हे पाहिलं असतं तर नाचला असता. पण वाक्य तिथे संपत नाही. ‘कायद्याच्या आज्ञांना धरून’ अशी अट त्यातच आहे. म्हणजे नुसता हुकूम सैनिकाला वाचवत नाही, कायद्याला धरून असलेला हुकूम वाचवतो. जगभरातही हाच धडा आहे. ‘वरून हुकूम होता’ हा बचाव न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी अधिकाऱ्यांना पुरला नाही. व्हिएतनाममधल्या १९६८ च्या माय लाय हत्याकांडातल्या अमेरिकी लेफ्टनंट कॅलीलाही १९७१ मध्ये त्याच्याच लष्कराच्या कोर्ट मार्शलने दोषी ठरवलं. उघडउघड बेकायदा हुकूम पाळणारा त्या कृत्याचा धनी ठरतो. भरतीच्या उंबऱ्यावरच्या मुलाला ‘काहीही सांगितलं तरी कर’ असं शिकवणारे लोक त्याला फासाच्या दिशेने ढकलतायत, हे त्यांच्या गावीही नाही.

पेशावरचं उदाहरण इथे घ्यायलाच हवं. २३ एप्रिल १९३० ला किस्साखानी बाजारात निःशस्त्र खुदाई खिदमतगारांवर (खान अब्दुल गफार खान यांच्या अहिंसक चळवळीतल्या स्वयंसेवकांवर) गोळ्या झाडायला रॉयल गढवाल रायफल्सच्या तुकडीने नकार दिला. पुढे होता हवालदार चंद्रसिंह गढवाली. कोर्ट मार्शल झालं, बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी बचाव केला, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली आणि १९४१ मध्ये ते सुटले. म्हणजे परकीय राज्यात, अनेकांनी मिळून दिलेल्या नकारानंतरही ‘जागेवर गोळी’ झाली नाही. खटला झाला, वकील होता.

‘मिळून’ या शब्दापाशी मात्र थांबावं लागेल, कारण फॉरवर्डमध्ये दडलेलं अर्धसत्य तिथे आहे. एकट्याने हुकूम नाकारला तर ती अवज्ञा. दोघांनी किंवा अधिकांनी संगनमताने नाकारला तर ते बंड, आणि कलम ३७ मध्ये मृत्युदंड आहे. दुसरं, हुकूम वरवर कायदेशीर दिसत असेल तर तो कायदेशीरच धरला जातो. ‘मला पटलं नाही’ हे कारण कोणतंही कोर्ट ऐकणार नाही. तपासणीला जा, रात्रीची गस्त घाल, रजा रद्द, सामान बांध, यातलं काही अन्यायाचं वाटलं तरी आधी करायचं आणि मग तक्रार मांडायची. त्यासाठी कलम २६ आहे. जवान आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार करतो. तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. तक्रार ज्याच्याकडे येते त्याने चौकशी करणं बंधनकारक आहे. फक्त जाणूनबुजून खोटा आरोप करू नये. कलम ५६ खाली त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

आता हा मुद्दा ज्या खटल्याने कायमचा मिटवायला हवा होता तो. रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, १९८७. ठाकूर सिग्नल रेजिमेंटमधला जवान. आपल्या कमांडिंग ऑफिसरकडून छळ होतो अशी तक्रार त्याने वाट सोडून थेट वर पाठवली, म्हणून २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असताना, २९ मार्च १९८५ ला, ‘जेव’ असा हुकूम झाला आणि तो जेवला नाही. यासाठी कलम ४१ लावलं. समरी, म्हणजे झटपट, कोर्ट मार्शल बसलं आणि एक वर्षाची सक्तमजुरी नि नोकरीतून बडतर्फी. न जेवल्याबद्दल! ज्याच्याविरुद्ध त्याची तक्रार होती तोच अधिकारी त्या कोर्टात बसला होता, आणि ‘या अधिकाऱ्याबद्दल तुझा आक्षेप आहे का’ असं त्याला विचारलंही नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने सगळं रद्द केलं. आक्षेपाची संधी न देणं ही प्रक्रियेच्या मुळावरची चूक ठरली. जो न्याय करायला बसला त्याच्या मनात पूर्वग्रह असण्याची वाजवी शंका आरोपीला येत असेल, तर ते कोर्टच कोर्ट राहत नाही. आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने इतकी अवाजवी की न्यायालयाला हात घालणं भाग पडलं. जवानाला सगळ्या आर्थिक आणि सेवेतल्या लाभांसह परत घ्या, असा आदेश झाला. ‘हुकूम म्हणजे हुकूम’, ‘सीओच न्यायाधीश’, ‘सुप्रीम कोर्ट हात लावू शकत नाही’ हे तिन्ही दावे या एका निकालासमोर उभे करा आणि काय उरतं ते पाहा. हा निकाल जवळजवळ चाळीस वर्षं जुना आहे. शोधायला फार श्रम पडत नाहीत.

‘वकील नसतो, सीओच न्यायाधीश.’

कोर्ट मार्शल एकाच प्रकारचं नसतं. कलम १०८ मध्ये चार प्रकार आहेत आणि फॉरवर्डवाल्याने त्यातलं सगळ्यात छोटं घेऊन चारही त्याच मापाने मोजले.

जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी. प्रत्येकाची कमिशन्ड सेवा पुरी तीन वर्षं झालेली, आणि किमान चौघे कॅप्टन किंवा त्यावरचे. डिस्ट्रिक्टमध्ये किमान तिघे, दोन वर्षं सेवेचे. हे कोर्ट अधिकाऱ्यावर वा जेसीओवर (जवान आणि अधिकारी यांच्या मधला, सुभेदारासारखा हुद्दा) खटला चालवू शकत नाही आणि दोन वर्षांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाही. समरी जनरल युद्धकाळासारख्या प्रसंगांसाठी, किमान तिघांचं. जनरल कोर्ट मार्शलला जज ॲडव्होकेट असावाच लागतो. हा जॅग शाखेचा, म्हणजे लष्कराच्या कायदा विभागाचा, कायदा जाणणारा अधिकारी. तो कोर्टाला सल्ला देतो, मत देत नाही. तो आरोपीपेक्षा कनिष्ठ हुद्द्याचा नसावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आणि त्या मुद्द्यावर खटले मोडलेही.

आरोपीला वकील देता येतो. आर्मी रूल्स १९५४ चा नियम ९५ पाहा: स्वतःचा वकील, किंवा एखादा अधिकारी डिफेंडिंग ऑफिसर म्हणून, किंवा ‘आरोपीचा मित्र’ म्हणून मदतनीस. खटला सुरू होण्याआधी आरोपपत्र हातात पडून किमान ९६ तास झालेले असले पाहिजेत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर २४ तास. वकिलाचं उदाहरणच हवं तर लाल किल्ल्याकडे पाहा. १९४५ च्या नोव्हेंबरात आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लों यांच्यावर चाललेला खटला कोर्ट मार्शलच होता. मुंबईच्या बारमधले भुलाभाई देसाई त्यांच्यासाठी उभे राहिले, आणि पारतंत्र्यातल्या राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी युद्ध करायचा हक्क आहे हा युक्तिवाद त्यांनी त्या कोर्टासमोर केला. इंग्रजांच्या कोर्ट मार्शलमध्ये वकील चालला. स्वतंत्र भारताच्या कोर्ट मार्शलमध्ये नाही म्हणे!

मतदानाची पद्धत तर कुठल्याही नाटकात दाखवण्यासारखी आहे. दोषी की निर्दोष यावर मत तोंडी द्यायचं, प्रत्येक आरोपावर वेगळं, आणि सुरुवात हुद्द्याने सगळ्यात कनिष्ठ असलेल्यापासून. कारण सरळ आहे. आधी ब्रिगेडियर बोलला तर कॅप्टन काय बोलणार? मतं समसमान पडली तर फायदा आरोपीचा. जनरल कोर्ट मार्शलमध्ये मृत्युदंडाला दोन तृतीयांश मतं हवीत, समरी जनरलमध्ये एकमत.

राहिलं समरी कोर्ट मार्शल. इथे, नाइलाजाने, फॉरवर्डवाल्याला थोडं द्यावं लागतं. इथे खरोखर सीओ एकटाच कोर्ट असतो. बाजूला दोन अधिकारी किंवा जेसीओ हजर असतात, पण त्यांना मत नाही. वकील किंवा मदतनीस शेजारी बसू शकतो, कानात प्रश्न सुचवू शकतो, पण साक्षीदाराची उलटतपासणी स्वतः घेऊ शकत नाही, कोर्टाला उद्देशून बोलू शकत नाही. शिक्षा लगेच अमलात येऊ शकते. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद, खालचा असेल तर तीन महिने. हे फक्त जेसीओच्या खालच्यांसाठी, आणि म्हणूनच बोचतं: ज्याच्या हाताशी वकील सगळ्यात कमी, त्याच्यासाठीच सगळ्यात तोकडं कोर्ट. लष्करी कायद्यातला हा अशक्त दुवा आहे आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही बजावलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, नेहमीची वाट नव्हे. ताबडतोब कारवाईची खरी निकड असेल तरच ते बोलवायचं. फॉरवर्डवाला याच अपवादाचा गौरव करतोय, हे विशेष.

‘निकाल एका दिवसात.’

नाटकात एका अंकात, हे खरं. प्रत्यक्षात आधी सीओसमोर पेशी, टोपी-बेल्ट उतरवून. नियम २२ प्रमाणे साक्षीदार आरोपीसमोर बोलतात, तो त्यांना प्रश्न विचारू शकतो, आणि आरोपात दम नसेल तर सीओने तो तिथेच फेटाळायचा असतो. दम असेल तर समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे एकेक जबाब लिहून काढणं. मग आरोपपत्राची कायदेशीर छाननी, कोर्ट बोलावण्याचा आदेश, खटला, पुरावा कायद्याप्रमाणे साक्षी. दोषी ठरवून शिक्षा सुनावली तरी ती ‘मंजुरीच्या अधीन’. कलम १५३ प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याखेरीज ना निष्कर्ष वैध, ना शिक्षा. तो कागद परत पाठवून एकदा फेरविचार करायला लावू शकतो, शिक्षा कमी करू शकतो. लाल किल्ल्यातल्या त्या तिघांना जन्मठेप-काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये ती माफ केली, बडतर्फी मात्र कायम ठेवली. ‘एका दिवसात’ म्हणणाऱ्यांनी मंजुरीच्या फायलीची जाडी एकदा बघावी.

‘अपील नाही.’

हे एके काळी बरंचसं खरं होतं. राज्यघटनेच्या कलम १३६(२) मुळे कोर्ट मार्शलविरुद्ध विशेष परवानगीची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालत नाही, आणि अपिलाची सोय नसल्याबद्दल याच न्यायालयाने १९८२ मध्ये नाराजीही व्यक्त केली होती. पण २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, २००९ पासून काम करतंय, आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. कोर्ट मार्शलच्या निकालावर तिथे अपील होतं, पुढे सर्वोच्च न्यायालयही आहे. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही संपलेला नाही, हे २०२३ मध्ये स्पष्ट झालं. त्याआधीही कलम १६४ प्रमाणे मंजुरीपूर्वी एक आणि मंजुरीनंतर एक अर्ज करता येतोच.

‘पेन्शन, मानमरातब सगळं संपलं.’

कलम ७१ मध्ये शिक्षांची उतरंड आहे. मृत्युदंड, कैद, कॅशिअरिंग (अधिकाऱ्याची मानहानीकारक हकालपट्टी), बडतर्फी, हुद्दा घटवणं, ज्येष्ठता गमावणं, कडक ताकीद, ताकीद, पगारातून कपात. ताकीद मिळालेला अधिकारी दुसऱ्या दिवशी कामावर असतो. बडतर्फ झालेल्याची पेन्शन साधारणपणे जाते, खास बाबतीत मंजूरही होते. आणि ‘कोर्ट मार्शल झालं’ म्हणजे ‘दोषी ठरला’ नव्हे. ‘खटला झाला’ याचा अर्थ ‘शिक्षा झाली’ असा आपण कुठे करतो?

‘नानावटींना नौदलाच्या कोर्टाने सोडवलं.’

इथे हसावं की रडावं कळत नाही. कमांडर कावस नानावटी आयएनएस म्हैसूरचे अधिकारी होते, एवढंच नौदल या खटल्यात होतं, आणि खटला चालू असताना त्यांना नौदलाच्या कोठडीत ठेवणं तेवढं. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत त्यांच्या हातून प्रेम आहुजांचा खून झाला, आणि शांततेच्या काळात भारतातल्या मुलकी माणसाच्या खुनाचा खटला साध्या फौजदारी न्यायालयातच चालतो. आर्मी ॲक्टमध्येही हेच कलम ७० ला आहे. नानावटींवरचा खटला ग्रेटर बाँबेच्या सेशन्स कोर्टात, मुलकी ज्यूरीसमोर चालला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं ‘निर्दोष’ म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. लष्करी न्यायाचा नमुना म्हणून फॉरवर्डने जो एकच खटला नावानिशी दिला, त्यात निकाल देणारे नऊ जण मुंबईचे साधे नागरिक होते आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही अंगावर वर्दी नव्हती.